पाकिटाबाहेरचा पाव

शर्टांच्या कारखान्यात मी तपासनीस आहे. उसवलेली शिवण, सैल बटण माझ्या नजरेतून सुटत नाही. वीस वर्षं संशय घ्यायचाच पगार खाल्ला. पण तीन वर्षं माझ्या अंगातलं रक्त कमी होत होतं आणि ते कुठे जातंय, हे काही सापडेना. उभ्याचं काम झेपेना, म्हणून मला स्टूल दिलं. पुढची पायरी घरी बसवण्याची, हे मला कुणी सांगायला नको होतं.

लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "गोळ्या घेता ना नक्की?" जशी काही मी त्या कुंडीत पुरत होते.

गव्हाची शंका पहिल्यांदा काढली आमच्या ह्यांनी. हे लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे सगळ्याचंच झाकण उघडून बघायची खोड. आमच्याकडे पोळी नसते, भात-भाकरीच; गहू पोटात जायचा तो फक्त पाव-बिस्किटांतून. तरी कुठेतरी वाचून म्हणाले, "गहू सोसत नसेल तर आतडं लोह घेतच नाही."

"आधी स्वतःचा गुडघा दुरुस्त करा," मी म्हटलं.

हे गप्प बसले. आमचे हे गप्प बसले की कुठेतरी पाणी मुरतंय, हे ठरलेलं.

तेव्हापासून घरात पाव पाकिटाबाहेर येऊ लागला. कापून डब्यात रचलेला. काप लहान, कडा भुसभुशीत. बिस्किटंही थेट बरणीत. विचारलं तर म्हणे, "नवीन दुकान." शिळा माल गळ्यात मारला असेल, असं मी धरून चालले.

दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनाही तीच शंका आली. रक्त तपासलं. काहीच निघालं नाही.

"गव्हाचा संबंध नाही. आता हाडात सुई घालून बघू."

घरी ते सांगितलं तर ह्यांचा चेहरा माझ्याहून पांढरा. आंघोळीला गेले तशी मी अवजारांची पिशवी उपसली. पान्यांखाली पावाची रिकामी पाकिटं, नीट घड्या घालून ठेवलेली. प्रत्येकावर ठळक छापलेलं: गहू नाही.

"जीव घ्याल माझा!" हे बाहेर येताच मी पाकिटं अंगावर फेकली.

"तुला बरं वाटलं की सांगणार होतो," हे खाली बघत म्हणाले. "पण रोज विचारलं तर तू म्हणायचीस, तसंच आहे."

 खरं तर महिनाभर मी कारखान्याचे दोन जिने न थांबता चढत होते आणि घरी अवाक्षर काढलं नव्हतं. चांगल्या खुणेवर माझा विश्वास बसत नाही. ह्यांच्यावर चिडू की स्वतःवर, कळेना. मी रडले.

पाकिटांची गोष्ट ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. गहू बंद असला की रक्तातल्या त्याच्या खुणाही पुसट होतात, त्या तपासणीवर भरवसा नाही, म्हणाल्या. सुई थांबली. सहा आठवडे रोज गहू खायचा आणि मग पुन्हा रक्त द्यायचं.

आता पाव पाकिटासकट ताटाशेजारी येतो. हे पाकिटावरचा मजकूर मोठ्याने वाचतात, मगच मी खाते.

काल पाचवा आठवडा संपला. जिन्यात दोनदा बसावं लागलं.

"कसं वाटतंय?" ह्यांनी विचारलं.

"वाईट," मी खरं सांगितलं.

ह्यांचा चेहरा उजळला. मग स्वतःचीच लाज वाटून त्यांनी तो माझ्या खांद्यात लपवला.