काठावरची बोटं

"नाही पुसत म्हणतंय," काका फोनमध्ये म्हणाले.

"म्हणजे?" पलीकडून मोठ्या डॉक्टरांचा आवाज चढला. "काका, इथे बाकावर माणसं मावत नाहीयेत. एक बाई मोडका हात घेऊन सकाळपासून बसल्यात. मशीन एक्स-रे काढतं, पण ठेवायला जागा नाही म्हणतं. आता तुमचं काय अडलं?"

"फाइली फार आहेत. सगळ्या एकदम पूस म्हटलं की ते म्हणतं, यादी एवढी लांब आहे की मला घेताच येत नाही. दुसऱ्या वाटेने जातो. जरा दम धरा."

"दम माझ्याकडे असता तर तुम्हाला फोन केला असता का?" डॉक्टरांनी फोन ठेवला.

काकांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. हॉस्पिटलच्या तळघरात, जिन्याखालच्या त्या खोलीत, एक्स-रे साठवणाऱ्या सर्व्हरसाठी बारा महिने एसी चालू असे, आणि काका बारा महिने स्वेटर घालत. मोठी डिस्क मागून मागून त्यांची जीभ झिजली होती. शेवटी वरून हुकूम आला होता तो असा: मुदत उलटून गेलेले सगळे जुने एक्स-रे काढून टाका.

दुसरी वाट त्यांना ठाऊक होती. सगळा ढीग एकदम उचलायचा नाही. फोल्डरमध्ये शिर, एक फाइल धर, पूस, पुढची धर, असं मशीनला सांगायचं. पण ही वाट निसरडी. एक अक्षर चुकलं तर कालचे एक्स-रेही जातील, आणि इथे पुसलेलं परत मिळायला कचऱ्याची टोपली नसते. म्हणून काकांनी आधी नुसतंच विचारलं, काय काय पुसशील ते दाखव.

पडद्यावरून नावं धावू लागली. प्रत्येक नावाच्या सुरुवातीला एक्स-रे काढणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं असत. इथून तिथून तीच दोन अक्षरं. त्यांच्या बायकोची.

त्यांना ते माहीत नव्हतं असं नाही. त्या काळात हॉस्पिटलात एक्स-रे काढणारी ती एकटीच होती. पण माहीत असणं वेगळं आणि असं डोळ्यांसमोरून धावताना बघणं वेगळं.

खात्री करायला म्हणून त्यांनी मधलीच एक फाइल उघडली. लहान बाळाची छाती. फासळ्या माशाच्या काट्यांसारख्या बारीक. आणि दोन्ही काठांवर, बाळाचे दंड धरणारी, मोठ्या माणसाची बोटं. हाडंच नुसती. डावी करंगळी टोकाला बाहेर वळलेली.

ही करंगळी कपाटाच्या दारात सापडली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी. मलमपट्टी काकांनीच केली होती, आणि ती वाकडी बसली म्हणून जन्मभर बोलणीही त्यांनीच खाल्ली होती.

लहान मुलं मशीनखाली स्थिर राहत नाहीत. आया घाबरून हात सोडतात. मग ही शिशाचा एप्रन अडकवायची, मूल स्वतः धरायची आणि मदतनिसाला ओरडून बटण दाबायला सांगायची. आधीचे डॉक्टर चिडत. "बाई, तुमचे हात येतात एक्स-रेत! नियमात बसत नाही हे." ही म्हणायची, "हात नाही आले तर पोर हलतं, डॉक्टर. त्याला पुन्हा झोपवायचं का?"

त्या दोघांना मूल झालं नाही. डॉक्टरांना कारण सापडलं नाही, आणि या दोघांनीही ते एकमेकांच्या माथी मारलं नाही. आधी त्यावर बोलणं व्हायचं, मग होईनासं झालं.

काकांनी घरी फोन लावला. घर मागच्याच गल्लीत होतं.

"अगं, तुझे जुने एक्स-रे पुसायला बसलोय. बघायला येतेस?"

फोनमध्ये नळाचा आवाज येत होता. तो बंद झाला.

"येते," ती म्हणाली.

कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती खाली आली. खुर्चीत बसून आधी श्वास घेतला, मग चष्मा लावला.

"उजवीकडे खाली न्यूमोनिया," पडद्याकडे बघून ती म्हणाली. मग जरा वेळाने, "ही बोटं माझी."

"हो."

"किती सरळ होती हो! करंगळी तेवढी तुमची कृपा." तिने आपले हात मांडीवर उलटेसुलटे करून पाहिले. पेरं सुजून त्यांच्या गाठी झाल्या होत्या.

"एक ठेवू बाजूला?" काका म्हणाले. "एवढ्या ढिगातून एक. घरी नेऊ."

"भलतंच काय! दुसऱ्याचं लेकरू आहे ते. घरी कसं न्यायचं?"

"बोटं तर तुझी आहेत."

"ती आहेतच की माझ्यापाशी."

फोन वाजू लागला. काकांनी उचलला नाही.

"दाबा आता," ती म्हणाली. "वर लोक खोळंबलेत."

काकांनी मशीनला दिलेल्या सूचनेची ओळ बोट ठेवून, एकेक अक्षर पुन्हा वाचली. 'दाखव'च्या जागी 'पूस' घातलं. बटण दाबलं. पडद्यावर काहीच झालं नाही.

"झालं?"

"चालू आहे."

"मग काही सांगत का नाही?"

"नीट चाललं की गप्प असतं. बिघडलं तरच बोलतं."

"नवऱ्यांची जात," ती म्हणाली, आणि काकांना हसू आलं. सकाळपासूनचं पहिलंच.

दोघं रिकाम्या पडद्याकडे बघत बसली.

"एक पोरगी मला चावली होती," ती मध्येच म्हणाली. "दोनच दात होते, पण काय चावली! तीही यातच असेल."

"असेल."

"गेली असेल एव्हाना?"

"सांगता येत नाही. हे काही क्रमाने जात नाही. सापडेल तसं पुसतं."

तिने मान हलवली.

बऱ्याच वेळाने फोन पुन्हा वाजला. "चालू झालं, काका," एवढंच म्हणून डॉक्टरांनी ठेवला. पुसणं अजून संपलं नव्हतं, पण आता त्याच्याजवळ बसून राहायची गरज नव्हती. तिला फाटकापर्यंत सोडायला काका निघाले.

वरच्या बोळात रांग हलू लागली होती. मोडक्या हाताची बाई आत गेली होती. एक्स-रेच्या दाराशी पोहोचल्यावर काकांची बायको सवयीने थांबली आणि तिने दाराला कान लावला.

"ओ आजी," दाराशी बसलेला नवा शिपाई खेकसला, "लाल दिवा दिसत नाही का? रेषेच्या मागे व्हा. दाराशी उभं राहायचं नसतं."

काका काहीतरी बोलणार होते. तिने त्यांच्या बाहीला हात लावला.

"बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली, आणि रेषेच्या मागे सरकून, बाकीच्या लोकांत, दिवा विझेपर्यंत उभी राहिली.