अंजूचे दात

आष्टीतल्या पाशा मेकॅनिकची इरम बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पाठांतर पक्कं, त्यामुळे रसायनशास्त्रात तिला नेहमी चांगले मार्क पडत. यंदा मात्र वनमाला मॅडमनी वर्गाला वेगळंच काम दिलं. प्रत्येकाने एका वस्तीवर जायचं, तिथलं पिण्याचं पाणी तपासायचं आणि जे आढळेल ते तिथल्या माणसांना समजावून सांगायचं. इरमच्या वाट्याला कडा गावाजवळची मेंढपाळांची वस्ती आली.

तिथं बायडाबाईंनी तिला ओट्यावर बसवलं. त्यांची नात अंजू बोलताना तोंडावर ओढणी धरायची. तिच्या दातांवर तपकिरी डाग होते. पोरी चिडवतात म्हणून तिने दहावीतच शाळा सोडली होती. रोज राखेनं घासून घासून हिरड्या सोलल्या होत्या.

इरमने हातपंपाचं पाणी नळीत घेऊन औषधाचे थेंब टाकले. थेंबांचा गुलाबी रंग पिवळा पडला. पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्याने दातांवर डाग पडतात, असं तिने पुस्तकातल्या शब्दांत सांगून टाकलं.

बायडाबाईंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, "पोरी, मी बी हेच पानी पिते. माजे दात तर चांगले हायत. मग हिचेच कावून असे?"

विचारून सांगते, असं म्हणून इरम परतली. तिने मॅडमना तेच विचारलं. त्यांनी उलट विचारलं, दात तयार कधी होतात? परीक्षेत येणार नाही असं काही शोधायला इरम पहिल्यांदाच ग्रंथालयात बसली.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा वस्तीवर गेली. लहानपणी कुठलं पाणी प्यायचात, असं तिने बायडाबाईंना विचारलं. तेव्हा हातपंप नव्हताच, सगळी वस्ती ओढ्याकाठच्या विहिरीवर जायची, असं कळलं. मग इरमने सावकाश सांगितलं, की दात बाहेर येण्याआधी बरीच वर्षं हिरडीच्या आत घडत असतो. तेव्हा पाण्यातून जे पोटात जातं, ते त्यात बसतं. आजींचे दात विहिरीच्या पाण्यावर घडले, अंजूचे हातपंपाच्या.

अंजूने हळूच विचारलं, "म्हंजे मी नीट घासत नव्हते, म्हनून न्हाई?"

"नाही. तुझी यात काहीच चूक नाही."

अंजू भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. अशा वेळी काय करायचं हे इरमला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती नुसती तिच्याजवळ सरकून बसली. बायडाबाई नातीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "मीच आळशी म्हनून बोलायची हिला," एवढंच त्या म्हणाल्या.

नंतर तिघी विहिरीवर गेल्या. थेंब अंजूने टाकले. रंग गुलाबीच राहिला. पण विहीर उघडी, पालापाचोळ्यानं भरलेली. इरमच्या वर्गातला हरिओम आणि बाकीची मुलं येऊन वस्तीवाल्यांसोबत गाळ काढून गेली. मॅडमनी जंतूंची तपासणी करून घेतली, पाण्यात क्लोरीन टाकायला शिकवलं. अंजूचा धाकटा भाऊ अजून रांगत होता. त्याच्यासाठी आधी विहिरीचं पाणी सुरू झालं, मग सगळ्या वस्तीसाठी.

अंजूचे डाग गेले नाहीत. जूनमध्ये तरीही ती शाळेत परत गेली. एका संध्याकाळी तिचा इरमला फोन आला.

"ताई, हातपंपाचं पानी उकळलं तर फ्लोराइड जातं का?"

उकळून ते जात नाही, हे इरमला माहीत होतं. तरी ती म्हणाली, "तू उकळून ठेव. रविवारी येते, दोघी मिळून बघू."