आवाज तुटला, परत सांगा

फोनवर बसणाऱ्या काकांना पकडून नेलं त्या आठवड्यात रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये प्रत्येकीच्या टेबलाखाली एकेक पिशवी आली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पिशवीत कपड्यांचा एक जोड, दात घासायचा ब्रश, आणि जिची तिची औषधं. काकांना नेलं तेव्हा त्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या ड्रॉवरमध्येच राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी काकू नव्या गोळ्या घेऊन दाराशी आल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. कानांवर हेडफोन चढवून सगळ्या जणी आपापल्या पडद्यात डोकं खुपसून बसल्या. त्यांत मधलीही होती.

मधली म्हणजे तीन बहिणींतली मधली. घरचं हे नाव तिने एकदा डबा खाताना सांगितलं, त्यातून तिचं टेबलही नेमकं मधलं, मग ते जे चिकटलं ते चिकटलंच.

काकांचा गुन्हा काय, तर फोनवर एका माणसाने वस्तीचं जुनं नाव सांगितलं आणि काका जन्माच्या सवयीने म्हणाले, "हो, पाठवतो." गाडी गेली तर तिथे ना आजारी ना घर. फोन वरच्या ऑफिसातून होता, चाचणीचा. डोंगराच्या उतारावरचा तो भाग दोन सरकारं आपापला म्हणतात. सध्या ज्यांची चौकी तिथे आहे त्यांनी जुनी नावं पुसली, तीन वस्त्या एकाच नव्या नावात कोंबल्या आणि जुनं नाव घेणारा तो पलीकडच्यांचा, असं ठरवून टाकलं. ते जुनं नाव मीही इथे घेत नाही. भिंतीला नुसते कान असतात, कागदाला तोंडही असतं.

तेव्हा नियम असा झाला की जुनं नाव आलं की म्हणायचं, "अशी जागा नाही." नवं नाव फोन करणाऱ्यानेच घ्यायला हवं. आपण सुचवायचं नाही, कारण सुचवलं म्हणजे जुनं आपल्याला कळलं. असले नियम करणाऱ्यांच्या घरी कुणाला कधी ठसकासुद्धा लागत नसावा.

त्या दुपारी मधलीने फोन उचलला तर तरुण पोराचा आवाज. "वहिनी बाळंत झाली घरातच. रक्त थांबत नाही. लवकर या." आणि पुढे त्याने ते नाव घेतलं.

मधलीच्या मागे काचेच्या खोलीत सुपरवायझर बसला होता. पाठीमागे सगळ्या जणी त्याला मुकादम म्हणायच्या. त्याला कुठल्याही टेबलावरचा फोन ऐकता यायचा, आणि कोणता ऐकतोय ते कळायचं नाही.

"अशी जागा नाही," ती म्हणाली.

"नाही म्हणजे? मी तिथूनच बोलतोय!"

"पत्ता नीट सांगा."

पोराचा आवाज एकदम खाली गेला. "ताई, खिडकीत माणसं आहेत. ते दुसरं नाव मी घेतलं ना, तर उद्या आमचं घर राहणार नाही. गेल्या महिन्यात दुकानदाराने ते पाटीवर लिहिलं, तर त्याचं दुकान जाळलं वस्तीतल्याच पोरांनी. तुम्हाला कळतंय ना मी कुठून बोलतोय?"

तिला कळत होतं. तिच्याइतकं त्या खोलीत कुणालाच कळत नव्हतं. तिचा जन्म त्याच वस्तीतला. नोकरीला लागताना जन्मगाव म्हणून तिने सासरचं शहर सांगितलं होतं. नवऱ्याला माहीत होतं, मुलीला नव्हतं. शाळेत बोलून बसली तर काय घ्या, म्हणून मुलीला आजोळ जळून गेलं असं सांगितलं होतं.

पण हा पोरगा खरा कशावरून? मागच्या चाचणीत त्यांनी टेपवर तान्ह्या बाळाचं रडणं वाजवलं होतं. इथे मागे बाळ रडत होतं. हो म्हटलं तर आपण काकांच्या मागोमाग. नाही म्हटलं आणि ती बाई गेली, तर ते कुणाच्या माथी? आपल्याच. दुसऱ्या कुणाच्या असणार?

"जवळची खूण सांगा," ती म्हणाली. खूण विचारू नये असा नियम अजून कुणाला सुचला नव्हता.

"टाकी होती तिथून वर. चांभाराच्या ओट्यावरून बोळात. ताई, मरेल हो ती! तुमच्या आईला असं झालं असतं तर बसला असतात का असे प्रश्न विचारत? माणसं आहात का कोण आहात!"

शिव्या पुढेही होत्या, त्या सोडून देऊ. मधलीला त्या शिव्यांनी धीर आला. चाचणीवाले फार सभ्य बोलतात. आणि चांभाराचा ओटा ऑफिसातल्या साहेबाला कुठून ठाऊक असणार? त्या ओट्यावर बसून तिने लहानपणी स्वतःची चप्पल शिवून घेतली होती, एक पाय वर धरून.

तिने नकाशावर नव्या नावाच्या पट्ट्यात अंदाजाने बोट ठेवलं आणि सगळ्यांत जवळची गाडी सोडली. मग पोराला म्हणाली, "फोन ठेवू नका. घरात बाईमाणूस कोण आहे?"

"आई आहे."

"आईला सांगा, बेंबीखाली पोट हाताने जोरात चोळायचं. थांबायचं नाही. बाळाला तिच्या छातीशी लावा. पांघरूण घाला. आणि कुणाला तरी खालच्या तिठ्यावर उभं करा, गाडीला हात करायला."

"कोण उभं राहणार ताई? तुमच्या, चौकीवाल्यांच्या गाडीला हात करताना दिसला तर..." पुढचं त्याने सांगितलं नाही.

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये एक बाळंतीण. मधली त्याच्याशी बोलत राहिली. आई चोळतेय का? चोळतेय. वहिनी बोलतेय का? मघाशी बोलली. आता? आता नुसती बघतेय.

तेवढ्यात वायरलेसवर ड्रायव्हर आला. नवीन होता, लांबच्या शहरातून बदली होऊन आलेला, आणि बडबड्या. "ताई, तिठ्यावर आहे. तीन रस्ते आहेत. पाट्यांवर सगळ्या डांबर फासलंय. कुठला घेऊ?"

"टाकी होती तिथून वर."

"टाकी कुठाय? इथे नुसता चौथरा दिसतो. आणि तसले दोन आहेत. लोकांना विचारलं, तर तुमचं ते नवं नाव ऐकून तोंड फिरवतात. एक म्हातारा तर थुंकला. बोळात शिरलो आणि चुकलो तर गाडी वळायची नाही. वस्तीला काही दुसरं नाव आहे का हो? लोक म्हणतात तसं काही?"

कानातून पोरगा म्हणाला, "ताई, तिचे डोळे मिटताहेत."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुकादम काचेच्या खोलीतून बाहेर येऊन तिच्या मागे उभा राहिला होता. म्हणजे तो हाच फोन ऐकत होता. तिने मागे पाहिलं नाही. तिला घरी गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं, जे खरं तर सकाळीच उतरवलं होतं. भीतीने माणूस काहीही आठवतो.

तिने वायरलेसचं बटण दाबलं आणि जुनं नाव घेतलं.

वीसेक वर्षांत पहिल्यांदा. आवाज इतका चिरका निघाला की तिलाच तो आपला वाटला नाही. आजूबाजूच्या टेबलांवरचं टाइप करणं बंद झालं. वायरलेसमधून नुसती खरखर आली.

मुकादम वाकून तिच्या कानाशी आला. त्याच्या तोंडाला चहाचा वास होता आणि ओठ पांढरे पडले होते. "पोचलं नाही," तो कुजबुजला. "टेपवर खरखर असणार. काही कळणार नाही. गप्प बसा. मी काही ऐकलं नाही, तुम्ही काही बोलला नाहीत. घरी पोर आहे ना तुमच्या?"

खरंच, माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. तिला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. सुटले. तोंडातून गेलं आणि हवेत विरलं. काकांना एवढीही संधी मिळाली नव्हती.

"ताई," वायरलेस बोलला, "आवाज तुटला. परत सांगा."

मुकादमाचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. खुर्ची थरथरत होती. तो थरथरत होता की ती, हे सांगणं कठीण. कानात आता पोराच्या आईचं "ऊठ गं, ऊठ गं बाळा" ऐकू येत होतं. मधलीला परत सांगायचं नव्हतं. तिला घरी जायचं होतं, मुलीची वेणी घालायची होती. पहिल्यांदा घेतलं ते घाबरून. आता घाबरून गप्पही बसता आलं असतं, आणि त्याला कुणी नावंही ठेवली नसती.

तिने बटण दाबलं आणि नाव परत सांगितलं, सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं. मग विचारलं, "कळलं?"

"कळलं की!" ड्रायव्हर म्हणाला, आणि बटण सोडायला विसरला. त्याने खिडकीतून कुणाला तरी तेच नाव ओरडून विचारलेलं सगळ्या खोलीने ऐकलं. पाठोपाठ एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "अरे, मग असं विचार ना! हा डावीकडचा चौथरा. चांभाराच्या ओट्यावरून आत."

थोड्या वेळाने कानात पोरगा रडत म्हणाला, "गाडी आली ताई. उचललं तिला. शुद्धीत आहे. पाणी मागतेय." मग म्हणाला, "ताई, तुम्ही मघाशी आमचं नाव..."

"फोन ठेवा आता," मधली म्हणाली आणि तिने तो तोडला. पोराच्या खिडकीत माणसं होती, तिच्या पाठीशी मुकादम.

तो अजून तिथेच होता. "एकदा असतं तर तोंडातून गेलं म्हटलं असतं," तो म्हणाला. "दोनदा म्हणजे... मला कळवावं लागेल हो. नाही कळवलं तर मी. माझीही पोरं आहेत."

"माहीत आहे," ती म्हणाली.

तो काचेच्या खोलीत गेला, दार लावून घेतलं आणि फोनच्या समोर बसला. बराच वेळ नुसताच बसला. मग त्याने तो उचलला.

मधलीने पायाने टेबलाखालची पिशवी जवळ ओढली. मुलीला काय सांगायचं, हे ठरवायला आता वेळ नव्हता. जळून गेलेलं आजोळ खरं कुठे आहे, ते आता दुसऱ्या कुणीतरी तिला सांगावं लागणार होतं.

शेजारच्या टेबलावरची बाई, काकू आल्या त्या दिवशी मधलीसारखीच पडद्यात डोकं घालून बसलेली, आताही पडद्याकडेच बघत होती. तिचा एक हात मात्र खाली गेला. स्वतःच्या अंगावरची शाल काढून तिने ती मधलीच्या पिशवीत कोंबली.

"तिथे गार असतं म्हणतात," ती ओठ न हलवता म्हणाली.