मैदानावरची मोजणी

माझा भाऊ लिंडसे ट्रेविन सैन्यात गेला तेव्हा गहू पिकवणाऱ्या आमच्या आख्ख्या मुलखात फुटबॉलला त्याच्याइतकी उंच उडी मारून चेंडू झेलणारा दुसरा नव्हता. सिंगापूर पडलं तसा तो जपान्यांच्या हाती सापडला, त्यांच्या छावणीत रेल्वेचे रूळ टाकत राहिला, आणि परत आला तो नुसता हाडांचा सापळा. मी त्याला मटण आणि बटाटे चारचारून अंगावर मांस चढवलं. पण माणूस काही परत येईना. उशीखाली पाव लपवायचा. कुणी दार आपटलं की ताठ उभा राहायचा.

त्याला एकच हवं होतं, पुन्हा खेळायला. बुटांना चरबी चोळत बसायचा. आमचा कोच बर्ट ओट्स धंद्याने खाटीक, आणि जिभेनेही तसाच. त्याने लिंडसेला राखीव ठेवलं. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानेही झेलतात, आणि मैदानात एका संघाचे अठराजण खेळतात; एखादा जायबंदी होऊन बाहेर पडला तरच हा एकोणिसावा आत. सगळा हिवाळा माझा भाऊ घोंगडी गुंडाळून बाकावर बसला, आणि सामन्यांना चहा द्यायचं काम माझं, त्या टेबलामागून मी बर्टला मनातल्या मनात लाखोली वाहिली. शेवटी बर्ट म्हणाला, फायनलमध्ये संधी मिळाली आणि धड खेळला, तर पुढच्या वर्षी संघात पक्का.

फायनलच्या शेवटच्या सत्रात आमचा रॉय पास्को गुडघा धरून कोसळला. शिव्या देत, लंगडत तो रेषेबाहेर गेला आणि गवतावर आडवा झाला. लिंडसेने घोंगडी भिरकावली. आत गेल्या गेल्या त्याने सगळ्यांच्या डोक्यांवरून असा चेंडू झेलला की मी हातातली किटली खाली ठेवली. वर गोलही मारला. आम्ही पुढे गेलो. बर्ट चक्क हसत होता. सुटले बाई एकदाची, असं मला वाटलं.

तेवढ्यात समोरच्यांचा कॅप्टन पर्स हॅलम पंचाकडे गेला आणि त्याने मोजणी मागितली. कॅप्टनला तो हक्क असतो. रॉय बाहेर गेलेला त्याने पाहिला नव्हता, आमचे एकोणीस खेळताहेत असा त्याला संशय. एक जरी जास्त निघाला तर तोवरचे सगळे गुण पुसले जातात. पण आम्हाला कसली भीती? बोटं पुरली नाहीत तर बूट काढ म्हणून आमची माणसं पंचाला चिडवत होती.

पंचाने शिट्टी मारून आमच्या पोरांना रांगेत उभं केलं. लिंडसे हात मांड्यांना चिकटवून उभा राहिला. पंच एकेकाकडे बोट करत निघाला. लिंडसेने मान वळवून रांग पाहिली, पांढराफटक पडला, आणि पळत सुटला. थेट रॉयकडे. त्याला उचलून खांद्यावर टाकलं. मी बाहेर आहे रे, सोड मला, म्हणून रॉय ओरडत होता. लिंडसेने त्याला रांगेत आणला आणि कमरेला धरून उभा केला.

"गप उभा राहा. एक कमी भरला तर सगळ्यांना मारतील."

हे ऐकलं तेव्हा मी मैदानात धावत पोचले होते. छावणीबद्दल तो मला एकदाच बोलला होता: तिथे मोजणीला आजाऱ्यालाही धरून उभं करावं लागायचं, आणि आकडा भरेपर्यंत कुणाला बसू देत नसत.

पंच रांगेच्या टोकाशी थांबला. एकोणीस. पर्स हॅलम मान खाली घालून म्हणाला की मी मागणी मागे घेतो. पंच म्हणाला, आता ते माझ्या हातात नाही. रांगेतला माणूस मैदानातलाच. पाटीवरचे आमचे आकडे उतरले.

लिंडसेने पाटीकडे पाहिलंच नाही. त्याने मला पाहिलं, आणि परत आल्यापासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला.

"इल्मा, सगळे भरले. एकही कमी नाही."

"हो रे राजा," मी म्हटलं. मला रडू आवरेना.

"मग आता बसू देतील का?"

आधी पर्स हॅलमच चिखलात बसला, मग त्याची माणसं, मग आमची. सगळे बसल्यावर लिंडसेने रॉयला अलगद टेकवलं आणि त्याच्या शेजारी बसला.

बर्टने बाकावरची घोंगडी आणून त्याच्या खांद्यांवर घातली. पुढच्या वर्षाचं तो काहीच बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही.