दोन चिपटी तांदूळ आणि दोन मुठी

मी तांदूळ मोजायचं एक जुनं पितळी चिपटं आहे. मित्रांनो, तंजावरजवळच्या एका खेड्यात, तैयल अम्मांच्या तांदळाच्या डेऱ्यात माझं आयुष्य गेलं. त्यांची लेक पूंकोडी लहानपणी मला दगडावर वाजवायची. तेव्हाचा पोचा माझ्या बुडाला अजून आहे.

शेवटचा साधा दिवस रविवारचा होता. पूंकोडी शहरातल्या दवाखान्यात लोकांना आहार समजावून सांगते. दर रविवारी ती घरी यायची आणि वही उघडायची.

"भात किती, अम्मा?"

"दोन चिपटी. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"डाळ?"

"असते की."

"असते म्हणजे किती? आणि मासे, अंडं?"

"अगं, तू माझी लेक आहेस की तपासणीला आलेली बाई? जेवून आलीस का ते सांग आधी."

"आले गं. विषय बदलू नकोस. भातानं कामाला ताकद येते, डाळ-माशांनी अंग धरतं, तेलातुपाची शिल्लक राहते. जेवढं खर्चतेस तेवढं पोटात गेलं पाहिजे. नाहीतर शरीर आधी शिल्लक खातं, मग स्वतःचं मांस खातं."

"खाऊ दे. बाहेरचं तर खात नाही ना?" अम्मा म्हणाल्या.

पूंकोडीनं गणित केलं. अम्मांचं भातलावणीचं काम धरूनही ते जेमतेम जुळत होतं. तरी अम्मांचे ब्लाऊज दर महिन्याला सैल होत होते. ती म्हणाली, "वय झालं तुझं," आणि वही मिटली.

मला खरं ठाऊक होतं. अम्मा मला शिगोशीग भरायच्या, तळहातानं सपाट करायच्या आणि मग एक मूठ काढून कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकायच्या. पौर्णिमेला ते तांदूळ देवळातल्या अन्नदानाला जायचे. गावात घरोघरी अशी मूठ काढतात, पण दिवसातून एकदा. अम्मा दोन्ही वेळा काढायच्या. पूंकोडी ते लहानपणापासून बघत आली होती, म्हणूनच तिला ते कधी दिसलं नाही. तिनं मला मोजलं. ताट मोजलं नाही.

मंगळवारी चिखलात रोपं लावताना अम्मा बसल्या आणि उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. कागदावर वजन लिहिलं होतं, चौतीस किलो.

पूंकोडी रडली नाही. सोळाव्या दिवसाचे विधी आटपून पाहुणे गेल्यावर तिनं भात टाकायला मला भरलं, सपाट केलं. तिचा हात आपोआप आत गेला, मूठ भरून वर आला आणि गाडग्यावर थांबला.

 मग तिनं पिशवीतून कामाचा छोटा वजनकाटा काढला आणि मूठ त्यावर ठेवली. माझ्या पोटातला जवळजवळ पाव हिस्सा भरला.

शेजारच्या सेल्लम्मा दारात होत्या. "मी अर्धी काढते, माझा हात लबाड," त्या म्हणाल्या. "तैयल पुरी काढायची. तू दोन वर्षांची असताना अंग धरत नव्हतीस ना, तेव्हा नवस बोलली होती देवाला. एक मूठ देवाची, एक तुझ्या नावाची. माझ्या पोरीचं ताट रिकामं ठेवू नकोस म्हणून."

"मला सांगितलं नाही कधी."

"तू कुठं विचारलंस? तू फक्त लिहून घ्यायचीस."

पूंकोडीनं काटा पिशवीत ठेवला.

मित्रांनो, मला जपायला चिंच आणि राख पुरते. आता मी कुणाच्या उपयोगाचं नाही, पण एवढं ऐका. घरात जो वाढतो, त्याच्या ताटाकडे एकदा बघा. त्यानं किती शिजवलं ते विचारू नका. त्याच्याबरोबर जेवायला बसा.

त्या दुपारी पूंकोडीनं माझ्यातले सगळे तांदूळ शिजवले. मूठ काढली नाही. केळीचं पान मांडलं, भात वाढला, वर सांबार आणि एक तळलेला मासा ठेवला. पानासमोर मांडी घालून बसली. अम्मा रोज फोनवर जे विचारायच्या आणि ज्याला ती "झालं" एवढंच म्हणायची, ते तिनं मोठ्यानं विचारलं.

"अम्मा, तू जेवलीस का?"