बारीक जाळी

ज्योतिषीण हे नाव तिला भट्टीवाल्यांनी ठेवलं होतं. भट्टीत मिश्रधातूचा दांडा पुन्हा वितळतो, थेंबाथेंबानं तांब्याच्या साच्यात उतरतो आणि खालून गोठत त्याची लगड होते. ती आतून कशी गोठेल, हे ही बाई दोन भिंतींपलीकडे बसून कॉम्प्युटरवर मांडायची. मागे एकदा तिनं घाईघाईनं भट्टी थांबवायला लावली. अर्धवट लगड कापून पाहिली, तर आत एकही डाग नाही! तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत कोणी ना कोणी "लांडगा आला रे" म्हणायचंच.

आज भट्टीवर तिचा सख्खा दादा होता. त्याची एक लगड आधीच वाया गेली होती. दुसरी गेली तर भट्टी हातून सुटणार, असं साहेबांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

दुपारी पडद्यावर आकडे आले. साच्यातलं वितळलेल्या धातूचं तळं फार खोल दिसत होतं. म्हणजे मधला भाग रेंगाळत गोठणार आणि त्यात काळे ठिपके पडून लगड वाया जाणार. भट्टीची वीज जराशी उतरवली तर अजून निभावलं असतं. फोन हाताशीच होता. पण हिशोब जाड जाळीवरचा, लगडीचे मोठमोठे तुकडे कल्पून केलेला, म्हणून ढोबळ. दुधानं तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून प्यायचं. तिनं जाळी बारीक केली, हिशोब पुन्हा लावला आणि डोळे मिटून बसली. महिनोन्‌महिने हेच करून ती पार शिणली होती.

काही तासांनी बारीक जाळीनंही तेच सांगितलं. तिनं फोन उचलला.

"दादा, वीज उतरव."

"कशाची उतरवू? दांडा संपला, भट्टी केव्हाच बंद केली. का गं?"

दुसऱ्या दिवशी लगड कापली. ठिपके तिनं दाखवलेल्या जागीच निघाले. साहेबांनी चारचौघांत तिची पाठ थोपटली आणि त्याच दमात दादाला गोदामात धाडलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी दादा हातपाय धुऊन नुसताच बसला होता.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"दुपारीच. भट्टी चालू होती तेव्हा. पण खात्री नव्हती रे."

"सांगून चुकली असतीस, तर काय झालं असतं?"

"सगळे हसले असते."

दादानं मान हलवली.

"मी नसतो हसलो," तो म्हणाला.