पेज भरवतं कोण?

अकरा वाजत आले की राजाराम गावड्यांच्या घरात पेजेचा वास सुटायचा आणि शीतलला पलंगापासून लांब व्हावं लागायचं.

शीतल रोज देवनारहून बसनं घाटकोपरला, पंतनगरातल्या या दोन खोल्यांत यायची. तिनं रुग्णसेवेचा कोर्स केला होता, मेंदूच्या आजारांच्या वॉर्डात दोन वर्षं काढली होती. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून संसार ओढलेले राजाराम दोन महिन्यांपूर्वी लकव्यानं आडवे झाले. उजवं अंग गेलं, वाचा गेली, गिळणं अर्धंमुर्धं राहिलं. शीतल त्यांना कुशीवर वळवायची, डायपर बदलायची, आखडलेली बोटं एकेक करून सोडवायची. एवढ्या दिवसांत त्यांच्या पाठीला साधी जखम झाली नव्हती.

पहिले दोन दिवस तिला घरच्या कपातून चहा मिळाला. तिसऱ्या दिवशी राजारामांच्या बायकोनं, सुंदराबाईंनी, तिचं आडनाव विचारलं. "सोनकांबळे," शीतल म्हणाली. चौथ्या दिवसापासून चहा वेगळ्या स्टीलच्या पेल्यात आला, पेल्याची जागा बाथरूमच्या खिडकीत ठरली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी सुंदराबाई म्हणाल्या, "तू थंयच रव गो. जेवणाखाणाचा मी बघतंय."

भांडण नाही, शिवी नाही. हल्ली हे असं गोड बोलूनच केलं जातं. म्हाताऱ्याची घाण काढायला तिचा हात चालत होता, त्याच्या तोंडात चमचा घालायला चालत नव्हता. यात काही वावगं आहे असं त्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या दिवशीही शीतल पलंगापासून चार पावलं लांब उभी राहून सांगत होती.

"आजी, आधी त्यांना सरळ बसवू द्या मला. आणि ही वरची निवळ नको. पातळ घोट त्यांच्या श्वासनळीत जातो. पेज घट्ट हवी."

"आजारी माणसाक निवळच देतत. माझ्या सासऱ्याक मीच घातलंय."

"मग हनुवटी तरी खाली घ्या. डाव्या गालात घाला. गिळलं का बघा, मग पुढचा..."

सुंदराबाईंचे सत्तरीचे हात थरथरत होते. तिसऱ्या चमच्याला राजारामांना ठसका लागला, चेहरा काळानिळा पडला, डोळे बाहेर आले. शीतल धावली. त्यांना पुढे वाकवून तिनं पाठीवर थापा मारल्या तेव्हा नाकातोंडातून निवळ आली. श्वास परतला, पण छातीत घरघर राहिली.

"आजी, हात जोडते, मला भरवू द्या. अशानं ते जातील एक दिवस."

"अभद्र बोलू नको," म्हणत सुंदराबाई वाटी घेऊन आत गेल्या.

शनिवारी राजाराम तापानं फणफणले. मुलगा अनिरुद्ध त्यांना हॉस्पिटलात घेऊन गेला; सुंदराबाई आणि शीतलही बरोबर गेल्या. तिथं डॉक्टर अनुपमांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला.

"फुफ्फुसात अन्न गेलंय. एकदा नाही, बऱ्याचदा. घरी भरवतं कोण?"

अनिरुद्धनं झटकन शीतलकडे बोट केलं. "ही ना, मॅडम. नर्सिंग ब्यूरोची सिस्टर. आम्ही विश्वासानं ठेवली होती."

शीतलनं विचार केला. गप्प बसावं तर नोकरी जाणार होती, आणि घरी पुन्हा तीच निवळ, तोच चमचा. म्हातारा आठवडाभर टिकला नसता.

"मी नाही भरवत, डॉक्टर. एकदाही नाही. मला भरवू देत नाहीत."

"का?"

"ते यांनी सांगावं."

अनिरुद्ध मोबाइलकडे बघायला लागला. सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावला. जी गोष्ट रोज बिनदिक्कत पाळली, ती चार माणसांत सांगायची वेळ आली तेव्हा मायलेकांच्या तोंडून शब्द फुटेना. डॉक्टरांना कळायचं ते कळलं.

"ज्याला येतं त्यानंच भरवायचं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी ते वाचतील असं मी सांगू शकत नाही."

सहा दिवसांनी राजाराम घरी आले. अकरा वाजता सुंदराबाईंनी बाहेरच्या दाराला कडी घातली आणि पडदाही ओढला.

"शीतल, तूच पेज कर. तूच भरव. फक्त दार लावून गो. शेजारची शकु कधीपण येता. बिल्डिंगभर बोंब होयत."

शीतलनं हात धुतले, पहिल्यांदाच त्या ओट्यापाशी उभी राहिली आणि घट्ट पेज शिजवली. राजारामांना उशा लावून सरळ बसवलं. मग वाटी हातात धरून ती थांबली.

"मी भरवते, आजी. त्यांना उपाशी ठेवणार नाही. पण चोरून नाही. मी काही चोरी करत नाहीये. दार उघडा."

सुंदराबाई जागच्या हलेनात. तेव्हा राजारामांनी आपला धड असलेला डावा हात उचलला, दाराकडे केला आणि तसाच धरून ठेवला. हात कापायला लागला तरी खाली घेतला नाही. सुंदराबाईंनी डोळे पुसले आणि कडी काढली.

शकु आलीच. उंबऱ्यातच थबकली. "अगं बाई! ही भरवते?"

सुंदराबाई उंबऱ्याकडे वळल्या. "होय. पेजपण तिनाच केल्यान. माझ्या हातान ह्ये मरत होते, शकु."

शकु चहा न घेताच परत गेली. शीतलनं हनुवटी खाली घेतली, डाव्या गालात चमचा दिला आणि वाट पाहिली. एक घोट. पुन्हा एक. वाटी संपली तरी ठसका लागला नाही.

मग सुंदराबाईंनी चहा केला आणि घरच्या कपातून शीतलला दिला. बाथरूमच्या खिडकीतला पेला मात्र कुणी अजून उचललेला नाही. तुमच्या घरात तो कुठं ठेवलाय, तेवढं आज एकदा बघून घ्या.